नवी पेठेतल्या क्लासचा टीव्ही: सहा तक्रारी आणि भिंतीतली दहा मीटर केबल

पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा छोटा क्लास आहे. खोली २२ बाय १४ फूट, बाकं सहा रांगांत, मुलं चोवीस. प्रोजेक्टरचा दिवा मंदावला होता. भर दुपारी खिडक्या लावून उकाड्यात बसायचं आणि तरीही पडद्यावर फिकट अक्षरं वाचायची, याला कंटाळून क्लासने ५५ इंची ४के टीव्ही घेतला. रंगकाम चालू असतानाच शिक्षकांच्या टेबलापासून टीव्हीपर्यंत भिंतीत २५ मिलिमीटरचा पाइप टाकून त्यातून दहा मीटरची एचडीएमआय केबल ओढली आणि वरून प्लास्टर केलं. लॅपटॉप नवा आणि पातळ. त्याला एचडीएमआयचं भोक नाही, फक्त दोन टाइप-सी पोर्ट. म्हणून मध्ये पाच तोंडांचा एक हब आला.

महिन्याभरात तक्रारी साचल्या त्या अशा. चित्र मध्येच दोन-तीन सेकंद काळं होऊन परत येतं. पंख्याचं बटण दाबलं की हमखास. खालची टास्कबार अर्धी कापलेली दिसते. अक्षरांच्या कडा पुसट आहेत, आणि निळ्या पट्टीवर लाल अक्षरात लिहिलेलं तर वाचताच येत नाही. माउस आणि लिहायच्या पेन-पाटीचं पेन हाताच्या मागे रेंगाळतात. आवाज लॅपटॉपमधूनच येतो. आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट लागलं की मुंग्या येतात.

वायरमनचं मत पडलं की केबल खराब आहे, भिंत फोडा. दुकानदाराचं मत पडलं की टीव्हीचा पॅनल बदलून घ्या. दोघंही एकच कारण शोधत होते, आणि घोळ तिथेच होता. सहा तक्रारींमागे पाच वेगळी कारणं होती आणि त्यातली बरीचशी एक रुपयाही न खर्चता जाणारी होती.

सुरुवात आकड्यांपासून

अशा वेळी पहिलं काम केबल हलवून बघणं नाही. संगणक आणि टीव्ही यांचं आपसात काय ठरलंय, ते आधी वाचायचं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी दोन पिनांवरून टीव्ही आपली कुंडली संगणकाला कळवतो: मी इतके पिक्सेल दाखवतो, इतके हर्ट्‌झ घेतो, आवाज असा घेतो. १८ नंबरच्या पिनेवर संगणकाकडून ५ व्होल्ट जातात, १९ नंबरची पिन ‘मी जोडला गेलोय’ ही वर्दी देते. संगणक ही कुंडली वाचतो, मधल्या हबला काय झेपतं ते जमेस धरतो आणि त्यातून मोड ठरवतो. मधली केबल मात्र या बोलण्यात कुठेच नसते. तिला किती झेपेल हे कोणी विचारत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांनी ४के ठरवलं की केबल कितीही लेचीपेची असली तरी तिच्यावर ४केचाच बोजा पडतो.

विंडोज ११ मध्ये ठरलेला मोड बघायची जागा म्हणजे सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, आणि त्यात खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’. वरच्या यादीतून टीव्ही निवडायचा. नाहीतर लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याचे आकडे वाचून लोक निर्धास्त होतात. इथे दिसलं: ३८४० बाय २१६०, ३० हर्ट्‌झ, ८ बिट, आरजीबी. म्हणजे रंगाची माहिती लॅपटॉपमधून तरी पूर्ण निघत होती, पण चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलत होतं. रेंगाळणाऱ्या पेनाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

मग कड्या एकेक करून बदलल्या. लॅपटॉप टीव्हीखाली स्टुलावर ठेवला, हब तोच, केबल मात्र दीड मीटरची आखूड. अर्धा तास पंखा-ट्यूबची बटणं खालीवर केली, चित्र एकदाही गेलं नाही. पण हर्ट्‌झ ३०च राहिले. मग हब काढून ४के ६० हर्ट्‌झ असं स्पष्ट लिहिलेला टाइप-सी ते एचडीएमआय असा साधा ॲडॅप्टर लावला. यादीत लगेच ६० आले. पुन्हा हा ॲडॅप्टर भिंतीतल्या लांब केबलला जोडला तर चित्र आलंच नाही, नुसते पांढरे ठिपके चमकले आणि ‘नो सिग्नल’. एका वेळी एकच कडी बदलायची, हा नियम इथे पाळला म्हणून थोडक्या जोडाजोडीत दोन गुन्हेगार वेगळे झाले: काळ्या पडद्याला केबल, ३० हर्ट्‌झला हब.

हबला तीसच का झेपतात

टाइप-सी पोर्टमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. साधा व्हिडिओ ॲडॅप्टर चारही चित्रासाठी वापरू शकतो. हबला पेनड्राइव्हसुद्धा वेगात चालवायचे असतात, म्हणून तो बहुतेकदा दोन जोड्या यूएसबीला देऊन दोनच चित्राला ठेवतो. टीव्हीच्या मोजमापात ४के ६० हर्ट्‌झला सेकंदाला सुमारे १४.३ गिगाबिट लागतात, ३० हर्ट्‌झला ७.१. दोन जोड्यांवर, जुन्या वेगाने, ८.६ गिगाबिटच मिळतात. शिवाय स्वस्त हबमधली चित्र बदलणारी चिप एचडीएमआय १.४ च्या काळातली असते. तो २००९चा नमुना, आणि त्यात ४के म्हणजे ३० हर्ट्‌झच. ६० हर्ट्‌झ २०१३च्या २.० पासून आले. डब्यावर ‘४के’ लिहिलेलं खोटं नसतं, अर्धवट असतं. हब घेताना ‘४के ६० हर्ट्‌झ’ हे दोन्ही एकत्र छापलेलं पाहिजे. (लॅपटॉपचा प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र देतोच असंही नाही. काही नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात. इथे सुदैवाने दोन्ही देत होते.)

केबल, आणि पंख्याचं बटण

दहा मीटर तांब्याच्या तारेत जितकी वारंवारता जास्त तितका सिग्नल जास्त खचतो. १०८० उंचीच्या चित्राला ६० हर्ट्‌झवर प्रत्येक जोडीतून सुमारे १.५ गिगाबिट जातात, ४के ३० ला तीन, ४के ६० ला सहा. एक, दोन, चार असा चढ आहे. ही केबल पहिल्या पायरीवर निवांत, दुसऱ्या पायरीवर काठावर, तिसऱ्या पायरीवर गारद. काठावर असली की पंख्याचं बटण बंद करताना उडणारी बारीक ठिणगीही पुरते, कारण पंख्याची मोटर म्हणजे मोठी कॉइल. तिचा प्रवाह तोडला की झटका आजूबाजूच्या तारांत उतरतो. इथे टेबलापाशी एचडीएमआय आणि पंख्याची लाइन तीन-साडेतीन फूट एकाच पट्टीतून जात होत्या. त्यात चित्राच्या माहितीला चूक दुरुस्तीची सोय या पिढीच्या एचडीएमआयमध्ये नाही. ताळमेळ सुटला की टीव्ही पडदा काळा करतो आणि पहिल्यापासून सिग्नल पकडतो. ते दोन-तीन सेकंद हेच.

वायरमनचं निदान म्हणजे निम्मं बरोबर होतं. पण केबल खराब नव्हती. तिच्यावर बोजा जास्त होता.

नवी केबल टाकायचीच झाली असती तर तांब्याची नाही, ऑप्टिकल फायबरची ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागली असती. तिच्यात तीन गोष्टी चुकतात. ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं, आणि उलटी ओढली की प्लास्टर झाल्यावर कळतं. तिच्यातल्या चिपा त्याच ५ व्होल्टांवर चालतात, म्हणून अशक्त हबवर, विशेषतः लॅपटॉपचा चार्जर काढलेला असताना, ती रुसते. आणि एचडीएमआयचं साचेबंद डोकं २५ मिलिमीटरच्या पाइपात, त्यातही दोन बाक असले की, अडकून बसतं. डोकं सुटं करता येणारी केबल मिळते. ती नाहीतर ३२ मिलिमीटरचा पाइप. ओढायच्या आधी पूर्ण केबल जमिनीवर मोठ्या वेटोळ्यात पसरून तासभर चालवून बघायची, मग भिंतीत घालायची. तपकीर गल्लीत ‘२.१ केबल’ म्हणून मागितली की हातात काहीही पडतं, कारण केबलला असे नंबर नसतातच. वर्ग असतात, ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’, आणि खऱ्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करायचं लेबल असतं.

पण तो खर्च झालाच नाही. कारण पुढे येतं.

पुसट अक्षरं: इथे केबल निर्दोष

आखूड केबल लावूनही लाल-निळी अक्षरं पुसटच राहिली होती. म्हणजे खोट टीव्हीत, किंवा नेमकं सांगायचं तर टीव्हीच्या सवयीत. टीव्ही सिनेमा दाखवायला बनलेला असतो. सिनेमात प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा ठेवला जातो, पण रंग दोन-चार पिक्सेलमध्ये मिळून एकच ठेवला तरी डोळ्याला कळत नाही. संगणकाकडून पूर्ण रंग आला तरी बरेच टीव्ही आपल्या नेहमीच्या मोडमध्ये रंग असा गोळा करून टाकतात. काळ्यावर पांढरं अक्षर यात टिकतं, कारण तिथे कड उजेडाने ठरते. लाल आणि निळा दोन्ही रंग उजेडाला मंद. कड फक्त रंगावर उभी असते, तीच विरघळते. देवनागरीत याची झळ जास्त, कारण आपल्याकडे अर्थ बारीक खुणांवर टांगलेला असतो. अनुस्वार गेला की ‘आंत’चा ‘आत’ होतो, रफार गेला की ‘कर्ज’ची ‘कज’.

उपाय असा: ज्या सॉकेटात संगणक आहे त्या इनपुटला टीव्हीत ‘पीसी’ असं नाव किंवा चित्र द्यायचं. सॅमसंगमध्ये सोर्सच्या यादीत एडिट करून उपकरणाचा प्रकार पीसी निवडतात. एलजीमध्ये इनपुटचं आयकॉन बदलून पीसी करतात. सोनीत चित्राचा मोड ‘ग्राफिक्स’ ठेवला की तेच काम होतं. नाव बदलण्यासारखी दिखाऊ गोष्ट वाटते, पण त्यामागे चित्रावरची बहुतेक प्रक्रिया बंद पडते. तपासायला पेंटमध्ये गडद निळ्यावर लाल अक्षरात दोन ओळी लिहायच्या आणि मोड बदलत जायचं. फरक चार पावलांवरून दिसतो. मग ‘शार्पनेस’ कमी करत आणायचा, शिरोरेषेच्या वरखाली दिसणारी पांढुरकी झालर जाईपर्यंत. कुठल्या टीव्हीत तो आकडा शून्य असतो, कुठे मधोमध. झालर बघायची, आकडा नाही.

याच बदलाने पेनाचं रेंगाळणंही बरंच गेलं, कारण टीव्ही चित्र ‘गुळगुळीत’ करण्यासाठी काही फ्रेम अडवून ठेवत होता. उरलेलं ३० हर्ट्‌झमुळे होतं.

कापलेली टास्कबार त्याच कुळातली. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलायची पद्धत होती. नळी गेली, पद्धत राहिली. सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’, एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ असं काहीतरी चित्राच्या आकाराच्या मेनूत असतं, ते चालू करायचं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र लहान करायचा मोह टाळावा. त्यात संगणक चित्र आवळतो, टीव्ही परत फुगवतो, आणि अक्षर दोनदा चोळामोळा होतं. इथे कोणीतरी तसं करूनही ठेवलेलं होतं. ते आधी पूर्ववत करावं लागलं.

आवाजाचं दोन ओळींत. टास्कबारवरचा स्पीकर दाबायचा, आवाजाच्या पट्टीशेजारचं चिन्ह दाबून आवाजाचं ठिकाण टीव्ही निवडायचं. एवढंच.

मुंग्या

ही तक्रार सगळ्यात शेवटी, ओशाळत सांगितली गेली. तीच सगळ्यात आधी ऐकायला हवी होती. लॅपटॉपच्या ॲडॅप्टरमध्ये आणि टीव्हीत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असलं तर त्यांतून झिरपणारा प्रवाह निमूट जमिनीत जातो. अर्थ लटकत असला की धातूचा भाग साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या मुंग्या. पण एचडीएमआय लावताना हाच साठलेला भार पिनांतून उतरू शकतो, आणि टीव्हीचा पोर्ट जळायला तेवढं पुरतं.

टेबलाच्या सॉकेटवर मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ ११८, न्यूट्रल ते अर्थ ११२. हे आकडे वाचायला शिकून ठेवावेत: अर्थ जर दोघांच्या बरोबर मध्ये आला तर तो कुठेच जोडलेला नाही. नीट असेल तर फेज ते अर्थ जवळजवळ पूर्ण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत यायला हवं. शोध घेतल्यावर कारण निघालं ते जुन्या पेठांत नवं नाही. इमारतीचं अर्थिंग कधीकाळी लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधलेलं होतं. मध्यंतरी पाइप प्लास्टिकचे झाले, आणि हिरवी वायर अधांतरी राहिली. तीन पिनांचं सॉकेट मात्र साळसूदपणे भिंतीवर होतं.

काही वायरमन सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘मुंग्या बंद’ करून देतात. मुंग्या खरंच बंद होतात. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो त्या दिवशी लॅपटॉपच्या अंगावर पूर्ण फेज येतो. हे कोणालाही करू देऊ नये. इथे परवानाधारक वायरमनकडून मागच्या बोळात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, मीटरच्या बोर्डापासून वर स्वतंत्र हिरवी वायर आणली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवला. टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि टेबल थेट लाइनवर होतं. दोन्ही एका बोर्डावर आणले. त्यानंतर न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट. मुंग्या गेल्या. चित्राचं काळं होणं थोडं कमी झालं, बंद झालं नाही.

तरीही लावाकाढीचा क्रम पाळावा हे बरं: दोन्हींची बटणं बंद, एचडीएमआय जोडायची, मग वीज.

मागच्या बाकाचं गणित

आता राहिला मूळ प्रश्न: नवा हब आणि फायबर केबल घेऊन ४के ६० करायचं का? शेवटचं बाक टीव्हीपासून सहा मीटरवर. चांगल्या डोळ्याला त्या अंतरावर सुमारे पावणेदोन मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद. ४केचा एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटर, १०८० वाल्या फुल एचडीचा ०.६३. पहिलं बाक दोन मीटरवर, तिथे डोळ्याची सीमा ०.५८. म्हणजे ४के आणि फुल एचडी यातला फरक पहिल्या रांगेला जेमतेम, बाकी पाच रांगांना अजिबात नाही. फुल एचडी ६० हर्ट्‌झ मात्र जुन्या हबलाही झेपतं आणि भिंतीतल्या केबललाही. पेन पळतं ते वेगळंच.

म्हणून टीव्हीला फुल एचडी ६० वर आणलं. यात एक खाच आहे, आणि बरेच जण तिथेच फसतात. डिस्प्लेच्या पानावर नुसतं १९२० बाय १०८० निवडलं तर विंडोज कधी कधी डेस्कटॉप लहान करतं, पण केबलवरून सिग्नल ४केचाच पाठवत राहतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ असे दोन आकडे असतात, दुसरा बघायचा. तो ४केच राहिला असेल तर ‘डिस्प्ले ॲडॅप्टर प्रॉपर्टीज’ उघडून ‘लिस्ट ऑल मोड्स’ मधून १९२० बाय १०८०, ६० हर्ट्‌झ अशी ओळ निवडायची. इथे तसंच करावं लागलं. एचडीएमआयची केबल पंख्याच्या पट्टीतून काढून वेगळ्या पट्टीत फूटभर दूर नेली. मग दोन आठवडे रोज दोन बॅचेस झाल्या, पडदा एकदाही गेला नाही.

विंडोजचं बटण आणि ‘पी’ दाबून ‘डुप्लिकेट’ ऐवजी ‘एक्स्टेंड’ ठेवलं, कारण लॅपटॉपचा पडदा १६ बाय १०च्या प्रमाणात आहे आणि टीव्ही १६ बाय ९. डुप्लिकेटमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत होते. एक्स्टेंड केलं की लिहायची पेन-पाटी दोन्ही पडद्यांवर पसरते आणि गोल काढला तर अंडं उमटतं. पाटीच्या सेटिंगमध्ये तिला फक्त टीव्हीच्या पडद्याशी बांधलं, तेव्हा गोल गोल झाला.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. पहिली नोट्सची. सहा मीटरवरून सहज वाचायला अक्षराचं अंग अंतराच्या १७०व्या भागाएवढं, म्हणजे ३५ मिलिमीटर हवं. वर वेलांट्या आणि खाली उकार धरून ओळीला ७० लागतात. पडदा ६८ सेंटिमीटर उंच, तेव्हा एका पानावर नऊ ओळी. क्लासच्या पीडीएफ पस्तीस ओळींच्या आहेत आणि त्या ४केनेही वाचल्या गेल्या नसत्या; त्या नव्याने मांडाव्या लागणार. दुसरी पाहुण्या शिक्षकांची. रविवारी दुसरा लॅपटॉप आला की तो टीव्हीची कुंडली वाचून पुन्हा ४के मागतो, आणि पडदा पुन्हा काळा होतो. तूर्त टेबलावर मोड बदलायची चिठ्ठी चिकटवली आहे. ती कोणी वाचली नाही तर केबल आणि हबच्या मध्ये बसणारा, संगणकाला कायम फुल एचडीचीच कुंडली दाखवणारा ईडीआयडी एम्युलेटर लावायचा असं ठरलं आहे.